आजीचा पाचवा हिस्सा

मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या हिंदू पुरुषाची मालमत्ता कोणाकडे जाते, हे हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 ठरवतो. पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असून त्यांना समान हिस्सा मिळतो. वडील दुसऱ्या वर्गात मोडतात. लग्न झाले म्हणून मुलीचा हक्क कमी होत नाही. घरोघरचा समज मात्र वेगळा असतो. नवऱ्यामागे घर बायकोचे, त्यात सासूचा काय संबंध, असेच बहुतेक जण धरून चालतात.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातही असेच धरले गेले होते. पुण्यातला फ्लॅट वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशातला होता. ते गेले तेव्हा मागे आई, दोन मुली, एक मुलगा आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, असे पाच वारस होते. प्रत्येकाचा हिस्सा एकपंचमांश. गृहनिर्माण सोसायटीत नामनिर्देशन आईच्या नावे होते, म्हणून कोणालाच घाई वाटली नाही.

नामनिर्देशनाने मालकी येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद होते, तीही कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत. शेअर्सच्या बाबतीत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले.

कागद होण्याआधीच आजीही वारल्या, आणि त्यांनीही मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू स्त्रीच्या वारसांचा क्रम निराळा आहे. तिचे मुलगे, मुली, पती आणि आधी मरण पावलेल्या मुला-मुलींची मुले हे तिचे पहिले वारस. आधी वारलेल्या मुलाची पत्नी या यादीत नाही. आजोबा पूर्वीच गेले होते. त्यामुळे आजींच्या एकपंचमांशाचे तीन भाग झाले: एक काकांचा, एक आत्याचा आणि एक तिन्ही नातवंडांचा मिळून. काका आणि आत्या आता त्या फ्लॅटचे प्रत्येकी पंधराव्या हिश्शाचे मालक ठरले. ज्या घरात आईचा सगळा संसार झाला, तिथे सासूच्या हिश्शातला कणही तिच्याकडे आला नाही. कायद्याने यात कोणावर अन्याय केला असे म्हणता येत नाही. म्हाताऱ्या आईला मुलामागे आधार असावा ही तरतूद रास्तच आहे. त्रास झाला तो कोणीच काही लिहून ठेवले नव्हते म्हणून.

‘आम्हाला काही नको’ असे काका आणि आत्या दोघांनीही मनापासून सांगितले. पण स्थावर मालमत्तेतला हक्क तोंडी सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. दरम्यान काकांचे काही बरेवाईट झाले असते तर त्यांचा पंधरावा हिस्सा काकू आणि चुलत भावंडांत विभागला गेला असता आणि सह्या करणारे वाढले असते. अखेर सगळे दुय्यम निबंधकांसमोर हजर झाले, फोटो आणि अंगठे झाले, आणि पूर्ण हक्क आईच्या नावे झाला. मुलींनीही हक्क सोडला तो आईसाठी, भावासाठी नव्हे. हा फरक फार मोलाचा आहे. वडिलांच्या दिवसकार्यातच बहिणींच्या पुढे भावाच्या नावचा कागद ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि नाते तुटण्याच्या भीतीने त्या सह्या करतात.

हे सारे एका कागदाने टळले असते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते आणि त्याला मुद्रांक शुल्क नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी केलेली बरी. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू व्यक्ती हवी त्याला देऊ शकते. वडिलोपार्जित सामायिक मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नाही. मुस्लिम कायद्यात सर्वसाधारणपणे एकतृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते, आणि गोव्यात मुले असतील तर स्वतःच्या मालमत्तेचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. वारस अपंग असेल, स्वतः व्यवहार पाहू शकत नसेल, तर मृत्युपत्रातूनच विश्वस्त नेमून मालमत्ता त्यांच्या हाती सोपवता येते.

फ्लॅट नावावर झाल्यावर आईने मृत्युपत्र केले. तिन्ही मुलांना समान हिस्से दिले, व्यवस्थापक म्हणून धाकट्या मुलीचे नाव घातले, आणि मूळ प्रत कुठे आहे ते तिघांनाही सांगितले.