लिंगोबाचा डोंगर आणि चिंधीचे घर

'जैत रे जैत' हा डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित मराठी चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. निर्मिती उषा मंगेशकर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि गीते ना. धों. महानोर यांची. गो. नी. दांडेकर यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. कथा ठाकरवाडीतली असली, तरी ती घडवणारी बरीच माणसे पुण्याच्या परिसरातली होती. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहत. नाग्याची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे आणि गायक रवींद्र साठे व चंद्रकांत काळे हे १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधून पटेलांबरोबर आलेले.

नाग्या हा भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. पुण्यवंत व्हावे, ही त्याची आस. लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्या वाडीला पूज्य आहेत. त्यांच्या दंशाने नाग्याचा एक डोळा जातो. आपण काही पाप केलेले नसताना ही शिक्षा का, या प्रश्नाने तो पेटतो आणि माश्यांचा समूळ नाश करण्याचा पण करतो. चिंधी (स्मिता पाटील) नालायक नवऱ्याला सोडून आलेली बाई. नाग्याशी ती घर मांडते आणि त्याचा पण आपला मानते. शेवटी पोळी पडतात, पण चिंधी जिवानिशी जाते.

कर्नाळ्याचा सुळका म्हणजेच कादंबरीतला लिंगोबा. रायगड जिल्ह्यात पनवेलच्या दक्षिणेस मुंबई-गोवा महामार्गावरून तो सरळ उभा दिसतो. अभयारण्यातून वाट चढते. सुळक्याच्या तळाशी कातळात खोदलेली टाकी आणि कोठारे आहेत, तर वर कड्याला आग्यामोहोळे लटकलेली. प्रस्तुत लेखक पुण्याहून तेथे गेला तेव्हा चित्रपट पाहून झालेला होता. टाक्यांपाशी पोचताच बरोबरच्या सगळ्यांचे बोलणे आपोआप थांबले. वरून येणारा गुणगुणाट अखंड होता. खालच्या वाडीतून या कड्याकडे रोज पाहणाऱ्याला त्यात देव का दिसावा, हे तेथे मान वर करून उभे राहिल्यावर पटते. पडद्यावर डोंगराची उंची कळली होती, त्याचा धाक मात्र तेथेच कळला.

आग्या माशी झाडाच्या फांदीला किंवा कड्याला एकच मोठे, उघडे पोळे बांधते. पेटीत ती पाळता येत नाही. एकीने नांगी मारली की तिच्या वासाने बाकीच्या चवताळतात, म्हणून दंश एकटा राहत नाही. मध काढणारे रात्री दोर सोडून उतरतात आणि धुराने माश्या उठवतात. फुलोरा सरला की ही मोहोळे स्थलांतर करतात आणि पुढच्या हंगामात बरेचदा त्याच जागी परततात. नाग्याचा राग राणीमाशीवर आहे. प्रत्यक्षात राणी सहसा माणसाला दंश करत नाही, ते काम कामकरी माश्यांचे. कथेचे बळ त्याने उणे होत नाही, कारण नाग्याचे भांडण किड्याशी नाहीच. ते न्याय न करणाऱ्या देवाशी आहे.

हा चित्रपट साधारणपणे संगीतपट किंवा आदिवासी जीवनाचे चित्रण म्हणून नोंदला जातो. १९७७ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तोही याच ओळखीला साजेसा. पण त्याचा गाभा संसार आहे. डोंगर त्या घरातला तिसरा माणूस असल्यासारखा सतत मध्ये येतो. नाग्याच्या पणाची किंमत चिंधी भरते, आणि ती कोणी लादलेली नाही. तिने डोळसपणे निवडलेली आहे. स्मिता पाटील यांनी हा निर्धार कोठेही करुण होऊ दिलेला नाही. हातातले काम चालू ठेवून त्या बोलतात आणि बोलून झाले की नजर वर, कड्याकडे नेतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरी ही गाणी आधी रेडिओवरून आली, चित्रपट कितीतरी वर्षांनी पुण्यातल्या एका सभागृहात पाहायला मिळाला. रेडिओवर ती पावसाची, रानाची, शृंगाराची सुटी गाणी वाटत. पडद्यावर ती एकामागून एक कथा पुढे नेतात. संवादांपेक्षा अधिक भार त्यांच्यावर आहे. आशा भोसले यांचा आवाज तेथे चिंधीच्या तोंडून येतो आणि नवरा सोडून आलेल्या बाईचा तो निर्णय असतो. ढोल नाग्याचा असतो, साथीचा नव्हे.