व्हिंटेज नव्हे, जुनी!

आमच्या काकाकडे येझदी आहे. रोडकिंग, १९८३ ची, काळी. सध्या तिच्यावरून घरात जोरदार डिस्कशन चालू आहे. लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. ट्रान्झिटच्या खोलीत काका-काकू कसेबसे मावतील, पण येझदी कुठे ठेवणार? त्यातच एका कलेक्टरने ऑफर दिलीय. ‘व्हिंटेज पीस’ आहे म्हणे.

इथे एक गंमत आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी व्हिंटेज ठरायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे २०३३ पर्यंत आमची येझदी व्हिंटेज नाही, नुसतीच जुनी. आणि व्हिंटेज म्हणून नोंद झाली की रोजच्या वापराला बंदी! काका म्हणाला, “मग नकोच ते. भाजी काय डोक्यावरून आणू?”

तिचं खानदान मात्र भलतंच इंटरनॅशनल. प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेकचा धंदा शस्त्रांचा. १९२९ मध्ये त्याने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘यावा’ केलं. आपण त्याची जावा केली. (मराठी घरातल्या जावा हा वेगळा विषय, तो नंतर कधीतरी!) मुंबईचं इराणी कुटुंब या गाड्या बाहेरून मागवून विकायचं. आयातीवर बंधनं आली तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणींनी थेट म्हैसूरलाच ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला. १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं. ते इराणमधल्या याझ्द शहरावरून आलं असं सांगतात. मुंबईतल्या कितीतरी इराणी हॉटेलवाल्यांची मुळं तिथलीच. चेक इंजिन, म्हैसूरची फॅक्टरी आणि ब्रून-मस्कावाल्यांच्या गावाचं नाव! भन्नाट ना?

गाडीही तशीच तऱ्हेवाईक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर वळवला की किक, सोडला की पुन्हा गिअर. १९८५ मध्ये कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा आली आणि अशा टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस फिरले. १९९६ मध्ये कारखान्याला कायमचं टाळं लागलं. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आल्या. छान आहेत, माझ्या दोन मित्रांनी घेतल्यात. पण त्या फोर-स्ट्रोक. काकाच्या मते त्या ‘नाव तेच, माणसं वेगळी’.

काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे आजोबाही. आमच्या मजल्यावर पगार येणारी घरं उरली दोन. गाडीचं बुकिंग संपाआधीचं, डिलिव्हरी आली नेमकी १९८३ मध्ये. शेजारी लोक भांडी विकत होते आणि याच्या हातात नव्याकोऱ्या मोटरसायकलची किल्ली! त्याने महिनाभर ती चाळीत आणलीच नाही. वर्कशॉपजवळ एका मित्राच्या दारात लावायचा आणि घरी चालत यायचा. आजीलाही पत्ता नव्हता.

मग एका रात्री समोरच्या खोलीतल्या काकूंना केईएमला न्यायची वेळ आली. टॅक्सीला कुणाकडेच पैसे नव्हते. काका पळत गेला आणि धडधडत गाडी घेऊन आला. सगळी चाळ गॅलरीत. कुणी काहीच बोललं नाही.

त्यानंतर किल्ली दाराबाहेरच्या खिळ्यालाच असायची. संप लांबला तसे लोक गावाकडे निघाले. त्यांना ट्रंकेसकट परळ डेपोला सोडायचं काम येझदीचं. दोघांना तर काकाने कशेडी घाट चढून पार चिपळूणला पोहोचवलं. त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत.

त्यामुळे विकायची म्हटलं की चाळीतलं अख्खं म्हातारं मंडळ मत द्यायला हजर! कलेक्टरला काकाने अजून उत्तर दिलेलं नाही. पुढचं पासिंग २०२८ मध्ये आहे, एवढंच तो म्हणतो.

गुडघ्यांमुळे हल्ली त्याला किक मारता येत नाही. गेल्या रविवारी त्याने मला दांडा वळवायला शिकवलं. सातव्या किकला इंजिन लागलं, दोन्ही सायलेन्सरमधून धूर निघाला, आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “कोण चाललं रे गावाला?”