घर क्रमांक : निरंक

आमच्या अ‍ॅपमध्ये पत्त्याचा जो फॉर्म आहे, त्यात 'घर क्रमांक' हा रकाना अनिवार्य आहे. तो भरल्याशिवाय पुढचं बटण चालतच नाही. डेटाबेस उघडला की खेड्यातल्या लोकांनी तिथे काय काय टाकलंय ते दिसतं. शून्य. नुसतं टिंब. 'शाळेसमोर'. 'आल्यावर फोन करा'. टीममधले याला कचरा म्हणतात. मला तो अगदी प्रामाणिक डेटा वाटतो, कारण आमच्याही घराला नंबर नाही.

म्हणजे गावातल्या जुन्या घराला आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये, कर आकारणीच्या वहीत, ते ८७ होतं. पण हा नंबर पोस्टमनसाठी नसतो, घरपट्टीसाठी असतो. त्यामुळे ८७ च्या शेजारी ८८ असेलच असं नाही. आमच्या शेजारी २१२ आहे, कारण त्यांनी मागाहून बांधलं. भाऊ वेगळे झाले की नंबरही वाटला जातो : थोरल्या काकांचा ८७/१, आमचा ८७/२. घरात मधली भिंत कधी उभी राहिली यावर कुणी बोलत नाही, पण ती तिरकी रेघ दरवर्षी घरपट्टीच्या पावतीवर येते.

दारावर ८७ कुठेच नाही. तिथे सगळे परक्यांचे आकडे : जनगणनेचा वेगळा, पोलिओ डोसवाल्यांनी खडूने काढलेला वेगळा. आजी ते पुसू द्यायची नाही. "सरकारनं लिहिलंय, राहू दे."

आम्ही राहतो मात्र गावापासून तीन किलोमीटरवर, शेतातल्या वस्तीवर. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पण तो जमिनीचा. त्या एका गटात पाच घरं आहेत. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. पुढे गावात चुन्याच्या रेघा मारल्या, ड्रोन फिरला, काकांना मिळकत पत्रिका मिळाली. ती मोजणी गावठाणाची. आमची वस्ती त्या हद्दीबाहेर.

आमच्या वस्तीला आमचंच आडनाव आहे. पत्ता सांगताना मला कधी अडखळावं लागलं नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीचं नाव जातीवरून होतं. तिथला माझा वर्गमित्र कॉलेजच्या फॉर्मवर नुसतं गावाचं नाव लिहायचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने अशी नावं बदलायचा निर्णय घेतला. आता तिथे नव्या नावाची पाटी आहे. जीपवाला अजून जुनंच नाव पुकारतो.

गेल्या आषाढात रात्री अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. फोनवरच्या बाईंनी पत्ता विचारला. आई सांगत होती, "वडाच्या फाट्यावरून आत, कॅनॉलची मोरी ओलांडली की डावीकडे." मी पुण्याहून लोकेशन पाठवलं, तर ते उसाच्या फडात दाखवत होतं. शेवटी चुलतभाऊ बाइकचा दिवा लावून फाट्यावर उभा राहिला. रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी पोचली. त्यातली किती मिनिटं रस्त्यात गेली आणि किती शोधण्यात, हे कुणी मोजलं नाही. स्टेंट टाकला. अण्णा बरे आहेत, तंबाखू सोडली म्हणतात.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. संस्कृतात कविता करणारा हा मराठी माणूस टपाल खात्यात मोठा अधिकारी होता. त्याच्या सहा आकड्यांनी पत्र बरोबर पोस्टापर्यंत येतं. तिथून पुढे पोस्टमनला माणसं माहीत असतात, म्हणून भागतं. रात्री दोन वाजता येणाऱ्या ड्रायव्हरला ती माहीत नसतात.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला : देशभरातल्या चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. आमच्या विहिरीलाही आहे. मी अंगणात उभा राहून घराचा काढला आणि दिवाळीत पेंटरला बोलावून रस्त्याकडच्या भिंतीवर लिहायला लावला. फॉर्ममधला तो रकाना ऐच्छिक करा, असं मी ऑफिसात लेखी दिलंय. तीन स्प्रिंट झाले, ते तिकीट अजून उघडंच आहे.

पेंटरने अण्णांना विचारलं, हे काय लिवायचं? अण्णा म्हणाले, "पोरानं दिलंय, काढ. आन् खाली आडनाव मोठ्या अक्षरात काढ, लांबून दिसंल असं."