कवी गोविंद आणि अठरातल्या चार कविता

ती. मामांस,


तुमच्या पत्रात पु. लं.च्या ‘सुंदर मी होणार’चा विषय निघाला, म्हणून लगेच लिहायला बसले. नाटकाचं ते नाव ज्यांच्या कवितेवरून आलं, ते नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद. आज त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जन्म 1874चा. दोन्ही पाय अधू. सावरकर बंधूंशी गाठ पडण्याआधी हे आबा दरेकर लावण्या नि पदं रचायचे. मग सावरकरांची मित्रमेळा ही संघटना आली, पुढे 1904 साली तिचीच अभिनव भारत झाली, आणि आबांच्या रचनेचा नूरच पालटला. गणेशोत्सवात, शिवजयंतीला पोरं त्यांची पदं म्हणायची. निबंध वाचणारे मोजकेच. कानावर पडलेलं पद मात्र अक्षरओळख नसलेल्याच्याही तोंडी बसतं. सरकारला धास्ती होती ती याचीच, असं मला वाटतं.

बाबाराव सावरकरांनी या कविता ‘लघु अभिनव भारत माले’त छापल्या. त्यातल्या 18 पैकी 4 कवितांवरून खटला उभा राहिला आणि 8 जून 1909 रोजी बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ताही जप्त. चार कवितांसाठी जन्मठेप, मामा! अपिलात न्या. नारायण चंदावरकरांनी म्हटलं की देवांची आणि शिवाजी महाराजांची नावं निमित्तापुरती आहेत. खरं सांगणं आहे ते तलवार उचलून परकी सत्ता उलथण्याचं. हेच चंदावरकर 1900 साली लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होते. कवितांचा रोख त्यांनी बरोबर ओळखला, शिक्षा मात्र कायम ठेवली.

1909 सालीच 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. बाबारावांवरच्या कारवाईचा राग त्यामागे होता. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे असे तिघं 1910च्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

बाबाराव 1922 साली सुटले. गोविंद 1926 साली गेले. ज्या देहाने जन्मभर साथ दिली नाही, तो टाकताना या माणसाने मृत्यूचं स्वागत केलं, तीच ती ‘सुंदर मी होणार’ कविता. पु. लं.च्या नाटकातल्या दीदीलाही चालता येत नाही, हे आठवून पाहा.

तुमच्या कपाटात गोविंदांच्या कवितांचं जुनं पुस्तक असेल तर कुणाबरोबर तरी पाठवा. मामींना नमस्कार.

तुमची भाची