मडके वाजवून घ्यावे

पुणेकर गृहस्थ मंडईजवळ मडके घ्यावयास गेला, तरी ते बोटाने वाजवून पाहिल्यावाचून पैशाला हात घालीत नाही. ही सवय कृपणपणाची नसून शहाणपणाची आहे. आणि ज्याच्या गाठी पैसा थोडा व आवड मोठी, त्याला तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही. आमची आवड जुन्या विलायती दुनळी बंदुकीची. प्राध्यापकाच्या हाती खडू शोभतो, बंदूक नव्हे, असे आमचे स्नेही म्हणतात. पण वडिलांच्या मागे वेल्ह्याकडील शेताच्या राखणीचा परवाना आमच्याकडे आला, त्याच्याबरोबर एक ठासणीची बंदूक आली, आणि तिच्या पाठोपाठ हे वेडही आले. शिकारीचे दार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केले आणि ते योग्यच झाले. मग बंदूक कशाला, असे कोणी विचारील. सतारीचा शौक असणारा प्रत्येक जण मैफल थोडाच गाजवितो? उत्तम कारागिरी हाताळण्याचा आनंद हाही एक आनंदच आहे.

लंडनच्या बंदूकवाल्यांत 'बेस्ट' हा शब्द स्तुतीचा नसून दर्जाचा आहे. कारागिराने आपले सर्वस्व ओतून घडविलेला माल तो 'बेस्ट'. त्याच्या खालचा माल कितीही चांगला असला तरी त्याला ते नाव नाही. १८१२ चे बॉस, १८१४ चे पर्डी, १८३५ चे हॉलंड ही या पंथातील महापीठे. त्यांच्याकडे आज नवी बंदूक सांगावयाची तर एक लाख पौंडांच्या पुढची गोष्ट. म्हणजे आपल्या हिशेबाने कोटीच्या वर. आमचा संकल्प दोन लाख रुपयांचा होता, आणि तोही घराला रंग देण्याचे काम एक वर्ष लांबणीवर टाकून. तेव्हा जुन्या मालाकडे वळणे प्राप्तच होते.

असा जुना माल आपल्या देशात आहे, याला कारण आमचा इतिहास. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी झाली आणि गोऱ्यास मात्र सूट राहिली. त्यामुळे उत्तम विलायती बंदूक साहेबाच्या, संस्थानिकाच्या किंवा त्यांच्या मर्जीतल्या माणसाच्याच घरी गेली. साहेब गेले, संस्थाने विलीन झाली, बंदुका राहिल्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात सामान्य परवानेदाराला परदेशातून बंदूक मागविणेही बंद झाले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे आहे तो साठा वाढावयाचा नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाईल इतकेच.

थोड्या पैशांत यातून चांगली वस्तू मिळवावयाची तर पहिला नियम असा, की नावाचे पैसे देऊ नयेत, नळीचे द्यावेत. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यात अँसन व डीली या दोघांनी १८७५ साली जी पेटीबंद कळ काढली, तिच्यात भाग थोडे आणि मजबुती भरपूर. बाजूच्या पट्ट्यांवर बसविलेल्या लंडनच्या कळीचे सौंदर्य तिला नाही, म्हणून किंमत कमी. काम मात्र ती शतकभर बिनतक्रार करते. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या विक्रेत्यांचे नाव कोरलेल्या अनेक बंदुकाही वस्तुतः बर्मिंगहॅमच्याच कारागिरांनी घडविलेल्या असतात. नाव लहान, हात मोठा. गरीब रसिकाने अशीच जोडी शोधावी.

दुसरा नियम मडक्याचा. नळ्या दस्त्यापासून सोडवाव्या, त्यांच्या खालच्या आकड्यात दोरी अडकवून टांगाव्या आणि नखाने टिचकी मारावी. निर्दोष असतील तर देवळातल्या घंटेसारखा लांब नाद उमटतो. मधल्या पट्टीचा डाख कोठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो. नाद चांगला आला म्हणजे सारे झाले असेही नाही. गंजाचे खड्डे घासून काढता काढता नळी आतून पातळ होते आणि बाहेरून आरशासारखी चकाकते. म्हणून तिच्या भिंतीची जाडी मापून घ्यावी. कसोटीचे शिक्के वाचावे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ चे. तेथे नेहमीहून जड बार उडवून नळी पारखतात आणि मगच शिक्का मारतात. पण काळ्या दारूवर उतरलेली नळी आजच्या दारूवर उतरेलच असे नाही. शिवाय जुन्या विलायती बंदुकीचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे असते. पावणेतीन इंचांचे काडतूस त्यात निमूटपणे शिरते, आणि उडताना उलगडून लांब झाले की नळीतला दाब वाढवते. १८६९ साली उभा राहिलेला खडकीचा दारूगोळा कारखाना बारा बोअरची काडतुसे बनवितो. पण काडतूस घराशेजारी मिळते म्हणून ते आपल्या बंदुकीचे होत नाही.

स्वस्ताईची आणखी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी या व्यवसायात फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे विकणाऱ्याचे अज्ञान. दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतील एका वृद्ध बाईंकडून आम्हांस निरोप आला. त्यांचे सासरे दक्षिण महाराष्ट्रातील एका संस्थानात कारभारी होते. यजमान वारल्यावर घरातली बंदूक लष्कर भागातील एका परवानेदार दुकानदाराकडे ठेवलेली, आणि दरमहा तिचे भाडे चढत होते. आम्ही दुकानी जाऊन पाहिले. पट्टीवर 'बॉस' हे नाव वाचून आमच्या धाकट्या चिरंजीवास हसू फुटले. आमची मात्र वाचा बसली. नळ्या टांगल्या, टिचकी मारली. नाद संपता संपेना. बाईंची अपेक्षा साठ हजारांची होती.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा पुढे ठेवीत त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. साठ जास्त होत असतील तर तुम्ही म्हणाल ते द्या. मला काय कळतंय त्यातलं?"

साठ हजार मोजून देणे कायद्याने गैर नव्हते. मागितलेली किंमत तीच होती. पण "मला काय कळतंय" हे शब्द माणसाने विश्वासाने उच्चारले, की समोरच्याच्या ज्ञानाला एक वेगळाच भार येतो. आम्ही म्हणालो, "काकू, ही बंदूक आमच्या ऐपतीतली नाही. दोन जाणत्या माणसांकडून किंमत काढून घ्या, आणि तोवर कोणाला शब्द देऊ नका." घरी आल्यावर हे सांगितले, तेव्हा मंडळींनी एवढेच विचारले, "मग आता रंग यंदाच द्यायचा ना?" ती बंदूक पुढे आमच्या संकल्पाच्या चौपट किमतीला गेली. वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. त्या नळ्यांचा नाद अजूनही कानात आहे.

आमच्या घरी आज जी आहे ती कलकत्त्याच्या विक्रेत्याची, पेटीबंद कळीची, एक लाख सत्तर हजारांची. दस्ता अक्रोडाचा, त्यावर कोणा अनामिक मालकाच्या गालाने आणलेली झिलई. निवडणूक जाहीर झाली की बहुधा तिला पोलीस चौकीत मुक्कामास जावे लागते आणि पाच वर्षांनी परवान्याचे कागद घेऊन आम्हांस आयुक्तांच्या कचेरीत. खंडेनवमीला तिला तेल लावून पाटावर ठेवतो. शेजारी आमची पुस्तके असतात. या दोघांचा सहवास कित्येकांना चमत्कारिक वाटतो. आम्हांला वाटत नाही; पुस्तकांनी जे शिकविले ते खरोखर अंगी उतरले आहे की नाही, हे पाहण्याची वेळ बाजारातच येते. तेथे आपण वस्तू वाजवून पाहत असतो, आणि वस्तूही आपल्याला वाजवून पाहत असते.