पाथरीची माती, करबलाची कबर

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका निकाहसाठी आम्ही परभणीहून एसटीने मानवतमार्गे पाथरीला गेलो. सोबत अम्मी आणि दोन्ही मुलं होती. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून गावात फेरी मारली.

चालता चालता मुलांना सांगितलं, की अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ याच गावात आहे. इतिहासकार फरिश्ताच्या म्हणण्यानुसार, पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला तिमाभट विजयनगरच्या मोहिमेत बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान होऊन मलिक हसन झाला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये निजामशाही स्थापली. नातू बुऱ्हाण निजामशाह याने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली.

"मग त्याची कबर इथे आहे?" मुलीने विचारलं.

नाही. १५५३ मध्ये तो वारला आणि अहमदनगरच्या बागरोज्यात वडिलांजवळ दफन झाला. पुढे त्याचे अवशेष तिथून काढून करबलाला नेल्याची नोंद आहे.

अम्मी थबकल्या. "निजलेल्याला कशाला उठवायचं?" एवढंच बोलल्या. त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला कळलं. काही वर्षांपूर्वी आमच्या कब्रस्तानाच्या भिंतीचा पाया खणताना हाडं निघाली. तीही अब्बांच्याच रांगेत. कोणाची, ते कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणालं, दुसरीकडे पुरा. कोणी म्हणालं, काम उरकून घ्या. शेवटी एका बुजुर्गांनी हाडं तिथेच अदबीने झाकायला लावली आणि पाया हातभर बाजूला घेतला. भिंत अजून तिथे वाकडी आहे.

इंग्लंडमध्येही असाच पेच पडला होता. १४८५ च्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टर शहरात वाहनतळाखाली सापडला. बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळवून ओळख पटली. त्याला यॉर्कला न्यावं म्हणून काही दूरचे नातलग कोर्टात गेले. निकाल लेस्टरच्या बाजूने लागला. २६ मार्च २०१५ रोजी तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याला पुन्हा पुरलं. शवपेटी बनवली ती त्याच बहिणीच्या वंशातल्या एका फर्निचर कारागिराने.

सबळ कारणाशिवाय कबर उघडू नये, असं आपले फुकहा सांगतात. मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखंच, अशी आपल्याला शिकवण आहे. त्यात बादशहा आणि बेनाम असा फरक नाही. बादशहासाठी तवारीख असते, कोर्ट असतं. आपल्या माणसांसाठी निदान एक नोंदवही तरी असावी.

गाडीत अम्मींनी दुआ मागितली, अब्बांसाठी आणि त्या अनोळखी माणसासाठीही. घरी आल्यावर आम्ही कब्रस्तान कमिटीकडे अर्ज दिला: कोणत्या रांगेत कोण आहे, ते लिहून ठेवू या. ज्यांना आठवतं, ती माणसं अजून हयात आहेत. तुमच्या गावातही असतील. त्यांना आजच विचारा.