बद्द वाजणारे दार

भांड्यांच्या व्यापाऱ्याला हिशेबाइतकाच कानही लागतो. काशाच्या ताटाला टिचकी मारली की नाद किती वेळ टिकतो, यावरून माल कळतो. आणि तांब्या ‘बद्द’ वाजला तर कोठेतरी चीर आहे असे समजून गिऱ्हाईक तो बाजूला सारते. सांगलीच्या पेठेत आमच्या तीन पिढ्या हा नाद ऐकण्यात गेल्या. त्यामुळे पुतण्याच्या मोटारीचे प्रकरण अखेर माझ्याकडे आले, यात नवल नव्हते.

प्रकरण वरवर पाहता लहान होते. पुतण्याने स्वतःच्या कमाईतून गाडीच्या डिकीत बारा इंची सबवूफर, म्हणजे केवळ खर्जातले स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवून घेतला. गाणे लागले की सारी गाडी खडखडू लागे. आमच्या अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही कानांत यंत्रे. त्यांनी त्या गाडीत बसणे सोडले आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी ते दरमहा एस.टी.ने कोल्हापूरला जाऊ लागले. नातवाची गाडी दारात आणि आजोबा स्टँडवर, हे धाकट्या भावाला सहन होईना. ‘तो डबा काढून टाक,’ असे त्याने मुलाला बजावले. मुलगा जेवायला खाली येईनासा झाला.

अण्णांना गाण्याचाच त्रास होतो, असे साऱ्यांनी गृहीत धरले होते. मी एके सकाळी त्यांना विचारले, “नेमके काय टोचते?” ते म्हणाले, “ढोल नव्हे रे. ढोल पोटात वाजतो, तो सोसवतो. ती चळचळ सोसवत नाही.”

विचार करता हे अगदी रास्त होते. वृद्धपणी कानाला प्रथम वरचे, बारीक स्वर ऐकू येईनासे होतात. म्हणून श्रवणयंत्र नेमके तेच स्वर वाढवून देते. सबवूफरचा स्वर खर्जाचा; पण त्याने हललेला पत्रा शेजारच्या प्लॅस्टिकवर आपटला की निघणारा आवाज बारीक आणि तीक्ष्ण असतो. आपल्याला जी किरकिर वाटते, ती अण्णांच्या कानात सुईसारखी शिरत होती. भांडणाचा विषय गाणे नव्हताच, खडखडाट होता.

पुतण्या एका दुकानात विचारून आला होता. तेथे संपूर्ण गाडीला आतून आवाजरोधक पत्रे चिकटवण्याचे अठ्ठावीस हजार सांगितले होते. व्यापारी माणसाने अशा वेळी आधी विचारावे, की रोग कोणता आणि औषध कशाचे. कारण येथे तीन निराळी कामे एकाच नावाने विकली जातात. पत्र्याची थरथर मारणे हे एक, बाहेरचा आवाज अडवणे हे दुसरे आणि आतला आवाज शोषणे हे तिसरे. अडवण्याचे काम वजनाचे आहे. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी जेमतेम सहा डेसिबल कमी होतात, आणि खर्ज तर त्यातूनही निसटतो. आम्हांला पहिलेच काम हवे होते.

ते समजायला आमचे दुकान पुरे. वाजणाऱ्या ताटावर तळहात टेकवा, नाद तेथेच विरतो. हाताने ताटाचे वजन फारसे वाढत नाही. हाताचे मांस ती थरथर खाऊन टाकते. रस्त्याने ट्रक गेला की फळीवरच्या वाट्यांची चळत किणकिणते. त्यावर उपाय म्हणजे दोन वाट्यांमध्ये कागद. मोटारीचे औषधही या दोनच गोष्टींत आहे.

आम्ही कागदापासून सुरुवात केली, कारण तो स्वस्त. पुतण्याने मोबाईलवर 20 हर्ट्झपासून 100 हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच स्वर लावला आणि मी गाडीभर हात ठेवीत फिरलो. प्रत्येक वस्तूचा आपापला स्वर असतो. तो आला की ती बोलते आणि पुढे सरकला की गप्प होते. प्रथम नंबरप्लेट बोलली, मग मागच्या काचेखालची फळी, मग डिकीच्या झाकणाचे अस्तर. एका ठिकाणी तर जॅकबरोबरचा पाना खोबणीतून सुटून नुसता पडला होता. हात दाबला आणि आवाज थांबला की तेथे खडूची खूण. नंबरप्लेटमागे फोमच्या पट्ट्या, फळीखाली नमदा, अस्तराच्या तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या. एवढ्यावर निम्म्याहून अधिक चळचळ गेली आणि खर्च दोन जेवणांचाही झाला नाही. पुतण्या त्या दुपारी आपण होऊन माझ्याशी बराच बोलला.

उरली ती पत्र्याची स्वतःची थरथर. त्यासाठी ब्यूटिल रबराचे, वरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेले तक्ते मिळतात. जाडी दोन मिलिमीटर, वजन चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो. डांबरी तक्ते स्वस्त असतात, पण आपल्या वैशाखात मऊ पडतात, वास मारतात आणि उभ्या पत्र्यावरून ओघळतात. ब्यूटिलमधली खुबी दोन पत्र्यांच्या मधल्या चिकट थरात आहे. दार वाकू लागले की वरचा अॅल्युमिनियम त्याच्याबरोबर तितका वाकत नाही. मधला रबर ओढला जातो आणि थरथरीची उष्णता होते. या रचनेचे गणित 1959 मध्ये अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी मांडले.

शिवाय सारा पत्रा मढवण्याची गरज नाही. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 मध्ये धातूच्या तबकडीवर वाळू पसरून तिला गजाने वाजवले, तेव्हा वाळू ठरावीक रेषांवर गोळा झाली. म्हणजे पत्रा सगळीकडे सारखा हलत नाही. जेथे तो मोकळा आणि सपाट आहे त्या मधल्या भागावर, साधारण चौथा हिस्सा, तक्ता लावला की पुरते. अठ्ठावीस हजारांचे काम सात हजारांत आले ते यामुळे.

काम सांभाळून मात्र करावे. बॅटरी सोडून, पत्रा स्पिरिटने पुसून, तक्ता रोलरने पक्का दाबावा लागतो. खाली हवा राहिली तर पैसे वाया. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निथळायची भोके असतात, ती बुजली तर दार आतून गंजते. एअरबॅग आणि तिच्या तारांच्या जवळपास काही चिकटवू नये.

तक्ते बसल्यावर मी सवयीने दारावर बोट वाजवले. दार बद्द वाजले. आयुष्यभर ज्या आवाजावर माल परत केला, त्यासाठी या वेळी पैसे मोजले होते! (शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून मुद्दाम झंकार आणतात, त्या कारागिरांना आमचा हा खटाटोप कसा वाटेल कोण जाणे.)

एक गोष्ट पुतण्याला स्पष्ट सांगितली. खडखडाट हा एक प्रकारचा पहारेकरी होता. तो गेला की आवाज आणखी चढवावासा वाटतो, आणि या तक्त्यांनी कान वाचत नाहीत. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत शिफारस आहे ती 85 डेसिबलला आठ तासांची, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला जेमतेम पाव तास. त्याने ऐकून घेतले. दारे शांत झाल्याने गाणे कमी आवाजातही भरून येते, हे त्याचे त्यालाच जाणवले असावे, कारण बटणावरची पांढरी खूण त्याने केली, मी नव्हे.

पुढच्या महिन्यात अण्णा कोल्हापूरला त्या गाडीतून गेले. जयसिंगपूर मागे पडेपर्यंत दोघेही गप्प होते, असे पुतण्या सांगतो. मग अण्णांनी विचारले, “तुझा तो ढोल बिघडला का?” भाऊ अजून त्या पेटीला डबाच म्हणतो, पण मुलगा जेवायला खाली येतो.

तक्त्यांचे चार तुकडे उरले होते. ते वहिनींनी मागून घेतले आणि स्टीलच्या सिंकच्या पोटाला खालून चिकटवून घेतले. आता पहाटे भांडी पडली तरी माडीवर कोणी जागे होत नाही.